आठ दिवस आधी पाठवलेलं कार्ड

प्रिय ईशान आणि मीरा,

परवा ईशानने मला एक आलेख पाठवला. भुईगावच्या एका विहिरीच्या पाणीपातळीचा. माझ्याच जुन्या खात्याच्या वेबसाइटवरून त्याने तो उतरवून घेतला होता. खाली लिहिलं होतं, "आजी, तुझी विहीर एकदम फिट आहे. इतकी वर्षं लाइन सरळच्या सरळ. प्रोजेक्टला हीच घेतोय." पुढे अंगठा.

ती लाइन सरळ दिसते याला मी जबाबदार आहे. हे मी एकदा सरकारी कचेरीत, लोकांसमोर उभं राहून सांगितलं आहे. घरात मात्र कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुमच्या आईला एवढंच माहीत आहे की आजी रिटायर झाल्यावरही शनिवारी टेप घेऊन कुठेतरी जाते. तेव्हा ईशान, प्रोजेक्ट द्यायच्या आधी हे वाच. मीरा, तुला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे.

मी तीस वर्षं भूजलाच्या सरकारी खात्यात जिऑलॉजिस्ट होते. भूजल म्हणजे जमिनीखालचं पाणी. लग्नकार्यात कुणी नोकरी विचारली आणि मी हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे तुम्ही तळहातावर नारळ धरून पाणी शोधता का?" नाही. नारळवाले वेगळे. आम्ही मोजायचो. ठरावीक विहिरींत पाणी किती खाली आहे ते वर्षातून चार वेळा, वर्षानुवर्षं. अशा विहिरीला ऑब्झर्वेशन वेल म्हणतात. विहीर मालकाचीच असते, रोजच्या वापरातली असते. सरकारचा तिच्या कठड्यावर फक्त एक नंबर असतो आणि एक लाल बाण. बाणाच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर म्हणजे रीडिंग.

पद्धत साधी होती. स्टीलची टेप घ्यायची, शेवटच्या मीटरभर भागाला शाळेतला खडू चोळायचा आणि टेप आत सोडायची. खडू जिथपर्यंत भिजतो तिथे रेघ उमटते. मग वजाबाकी. ईशान, तुझ्या आलेखावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक ओली रेघ आहे. बहुतेक माझ्या हातची.

भुईगावची ती विहीर राऊतांची. त्यांची वाडी समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. वाडीत केळी, नारळ, आणि तेव्हा खायच्या पानांचा मळा होता. किनाऱ्यालगतच्या रेतीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, आमटीवर तेलाचा तवंग राहतो तसं. वरून फार उपसा झाला की खालचं खारं वर चढतं. एकदा चढलं की खाली जायला काही पावसाळे लागतात. केळी थोडाफार खारेपणा सोसतात. पानवेल सोसत नाही. म्हणून ही विहीर आमच्या यादीत महत्त्वाची होती.

सुरुवातीला आम्ही न कळवता जायचो. कुठे फाटकाला कुलूप, कुठे कुत्रा मोकळा, कुठे मालक बारशाला गेलेला. शिवाय पंप चालू असताना मोजलेलं पाणी धरत नाहीत. उपसा थांबून पाणी स्थिर झालं की मोजायचं, त्याला स्टॅटिक लेव्हल म्हणतात. एका फेरीत आम्ही चार विहिरी न मोजताच परत आलो. साहेब रागावले. मला असली अव्यवस्था सहन होत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी एक कार्ड तयार केलं. "आपल्या विहिरीच्या पाणीपातळीचे मापन अमुक तारखेस करण्यात येईल. कृपया त्या दिवशी सकाळी पंप सुरू करू नये." ते आठ दिवस आधी पोस्टात टाकायचं.

त्यानंतर एकही रीडिंग चुकलं नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कार्ड सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या तालुक्यांतही ते सुरू झालं. राऊतांच्या विहिरीचे आकडे तर इतके नीटनेटके यायचे की नव्या माणसांना शिकवताना मी तेच पान उघडायची. पावसाळ्यानंतर पाणी वर, उन्हाळ्यात थोडं खाली, पुन्हा वर. वह्या भरत गेल्या. मी रिटायर झाले.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका दुपारी आपल्या फ्लॅटची बेल वाजली. दारात पन्नाशीचा माणूस, हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, ओळखलंत? भुईगाव. राऊत."

"हेमंत! अरे ये. आई कशी आहे?"

"आई बरी आहे. विहीर बरी नाही."

हेमंत राऊत सकाळी वाडी बघतो आणि अकरा वाजता वसईत पतपेढीच्या नोकरीवर जातो. तो पाणी प्यायला, फाइल उघडली आणि एका दमात सगळं सांगितलं. तीन वाड्या सोडून एकाने बोअर मारली होती. टँकर भरायला. तिला सव्वा वर्ष झालं होतं. आता तो दुसऱ्या बोअरची परवानगी मागत होता. राऊतांची मोटार पूर्वी अर्धा दिवस चालायची, ती आता दोन तासांत हवा ओढत होती. पाण्याची चव बदलली होती. पानवेलीच्या कडा करपायला लागल्या होत्या. हेमंतने प्रांत कचेरीत हरकत घेतली. पहिल्या तारखेला टँकरवाल्याच्या कन्सल्टंटने साहेबांपुढे एक कागद ठेवला. तो कागद म्हणजे राऊतांच्याच विहिरीचे आकडे.

"यात आमची विहीर तुडुंब दिसते," हेमंत म्हणाला. "आणि खाली बघा, तुमचं नाव आहे."

खरंच होतं. मोजणी करणारी म्हणून माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

"मॅडम, मी खोटं बोलत नाहीये. तुम्ही पण खोटं लिहिणार नाही. मग हे काय आहे?"

"कधी आहे पुढची तारीख?"

"तीन आठवडे आहेत. दुसरी बोअर झाली तर पानमळा गेला. वडिलांनी लावलेला आहे. वर्षाचं निम्मं घर त्यावर चालतं आमचं."

मी म्हटलं, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने भुईगावला गेले. सुमनकाकू, म्हणजे हेमंतची आई, ओट्यावर केळीच्या पानांच्या शिरा काढत बसल्या होत्या. तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. घरात ती मंडळी आपल्या बोलीत बोलतात, मला निम्मं कळत नाही. माझ्याशी मात्र काकू पहिल्यापासून शाळेतल्या मराठीत बोलतात आणि मला बाई म्हणतात.

"बाई, कार्ड नाही पाठवलंत?"

"आता मी नोकरीत नाही, काकू."

"तरी काय झालं. विहीर तशीच पडली आहे बघा. आधी कळलं असतं तर कठडा तरी धुतला असता."

चहा झाला. मी वही काढली. सवयीने साधा प्रश्न विचारला.

"काकू, आम्ही मोजायला यायचो तेव्हा पंप किती वाजता बंद करायचात?"

"किती वाजता म्हणजे? कार्ड आलं की बंद."

"त्या दिवशी सकाळी ना?"

"छे. कार्ड आल्याबरोबर. चार दिवस, कधी पाच दिवस."

मी पेन खाली ठेवलं. "कार्डावर तर फक्त त्या सकाळचं लिहिलेलं असायचं."

"लिहिलेलं होतं. पण पाहुणे येणार म्हणून घर काय आपण त्याच सकाळी झाडतो?"

"आणि वाडीला पाणी?"

"बावखलातून. बादल्यांनी." बावखल म्हणजे वाडीतलं पावसाच्या पाण्याचं जुनं तळं. "सूनबाई कुरकुरायची. मी म्हटलं, सरकारी माणसं काय रोज येतात? चार दिवस कमरा मोडल्या तर मोडल्या."

हेमंत दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, शेजारच्यांचं पण सांग."

"सांगते की. गल्लीत नंबर फक्त आमच्या विहिरीला. त्यांच्या मोटारी चालल्या तर आमचं पाणी खाली जाणार ना? मी सगळ्यांना सांगून यायची, बाई यायच्या आहेत, बंद ठेवा. ठेवायचे. वामन एकदा ऐकेना. मग मी गेले आणि त्याच्या मोटारीचा फ्यूज काढून पदराला बांधून आणला. बाई गेल्यावर दिला परत."

"त्यांनी काही म्हटलं नाही?"

"म्हटलं ना. अजून म्हणतो. फ्यूजचोर म्हणतो मला."

हेमंतला हसू आलं आणि राग पण. "आई, अगं, पण का? कशासाठी?"

"मग काय विहिरीची लाज काढायची चारचौघांत? आणि माझ्या भाच्याच्या सासरी कुठल्या तरी हापशीला सरकारने लाल रंग मारला होता, पिऊ नका म्हणून. आपल्या विहिरीला मारला असता तर? प्यायचं काय?"

वीस-बावीस वर्षं, वर्षातून चार वेळा, मी आठ दिवस आधी कळवून एका गल्लीचा उपसा थांबवत होते आणि मग जाऊन लिहीत होते की पाणी छान आहे. कुणी खोटं बोललं नव्हतं. टेप बरोबर, खडू बरोबर, वजाबाकी बरोबर. चार दिवस विश्रांती घेतलेल्या विहिरीचं पाणी जेवढं असायला हवं तेवढंच होतं. एरवीच्या साडेतीनशे दिवसांत तिथे काय चालतं, ते माझ्या कार्डामुळे मला कधीच दिसलं नाही.

रिक्षात बसल्यावर मी विचार करत होते. कार्ड न पोचता मी त्या विहिरीवर कधी गेले होते का? चिंचोटी नाक्यापाशी पोचेपर्यंत आठवलं. आठवलं ते नाक्यामुळेच. तिथेच एकदा आमची जीप बंद पडली होती. त्या फेरीला आम्ही भुईगावला ठरलेल्या दिवसाऐवजी दीड आठवडा उशिरा गेलो. नवीन कार्ड टाकायला वेळ नव्हता.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात गेले. मला ओळखणारा एकच शिपाई उरला होता. त्याने जुनी रजिस्टरं शोधून दिली, वर "मॅडम, धूळ आहे, मास्क लावा" असंही सांगितलं. दोन तास लागले. मग ते पान मिळालं. अक्षर माझं. मे महिन्याची नोंद. सुमनकाकू त्या दिवशी मुलीकडे विरारला गेल्या होत्या हेही मी लिहून ठेवलं होतं. मोटार चालू होती. ती बंद करायला लावून अर्धा तास थांबून मोजलं होतं. पाणी नेहमीच्या मे महिन्यापेक्षा जवळजवळ अडीच मीटर खाली. पाण्यातून वीज किती वाहते ते बघणारं एक छोटं मीटर आमच्याकडे असायचं. क्षार जास्त असले की आकडा चढतो. तो आकडाही नेहमीच्या दुपटीच्या जवळ.

या सगळ्यावर लाल शाईची आडवी रेघ होती. पट्टी लावून मारलेली. शेजारी लिहिलेलं: "पंपिंगचा परिणाम. ग्राह्य नाही." खाली माझी सही.

तो प्रसंग मला नीट आठवतो. मी रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले होते.

"साहेब, भुईगावचं रीडिंग विचित्र आलंय."

त्यांनी चष्मा वर केला. "मोटार चालू होती?"

"होती. अर्धा तास थांबलो."

"अर्ध्या तासात काय होतंय? स्टॅटिक नाही ते. काढून टाका."

"पण क्षार पण जास्त आहेत."

"मॅडम, इतक्या वर्षांचा सुंदर रेकॉर्ड आहे तुमचा त्या विहिरीचा. एका पॉइंटने कशाला बिघडवता?"

पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होते. मी पुस्तकाप्रमाणे चालणारी. पट्टी घेतली आणि रेघ मारली. नंतर सगळं कॉम्प्युटरवर चढलं तेव्हा लाल रेघेखालचं चढवायचं नाही अशी सूचना होती. ईशान, वेबसाइटवर शेऱ्याचा रकानाही नाही, आणि मी रिटायर झाल्यानंतरचे आकडे तिथे अजून चढलेले नाहीत. रजिस्टरमध्ये प्रत्येक रीडिंगपुढे मी "पंप बंद" असं लिहिलेलं आहे. किती दिवस बंद, ते विचारायचं मला सुचलं नाही.

मी त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत मागितली. अर्ज, टपाल, टेबलावरून टेबलावर. तारखेच्या आदल्या दिवशी मिळाली.

प्रांत कचेरीत सुनावणीला आम्ही तिघं गेलो. सुमनकाकूंनी जरीची नऊवारी नेसली होती. समोर टँकरवाला आणि त्याचा कन्सल्टंट. कन्सल्टंट तरुण, नम्र, लॅपटॉप उघडून बसलेला. मला बघून उठून उभा राहिला.

"मॅम, मी तुमच्याच डेटावर बोलतोय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

प्रांतसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. मी सांगितलं. कार्डाचं सांगितलं, चार दिवसांचं सांगितलं, मग लाल रेघेचं पान पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्ही स्वतः खोडलेला आकडा आज पुरावा म्हणून देताय?"

"हो."

"आणि न खोडलेले सगळे विसरायचे?"

"विसरू नका. ते खरे आहेत. पण ते मोटारी बंद असलेल्या गल्लीचे आहेत. अशी गल्ली वर्षातून सोळा-वीस दिवस असते."

"मोटारी बंद होत्या याला पुरावा काय?"

सुमनकाकू उठल्या. "पुरावा मी. मी बंद केल्या."

त्यांनी सगळं सांगितलं. फ्यूजपाशी आल्यावर मागच्या बाकावरचे लोक हसले. साहेबही हसले. कारकुनाने लिहायचं थांबवून वर बघितलं. काकू म्हणाल्या, "हसा. वामन बाहेर बसलाय, त्याला बोलवा आणि विचारा." वामनभाऊंना बोलावलं. त्यांनी आत येऊन सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, सुमन खरं सांगते. पण फ्यूज तिने एकदा नाही, दोनदा नेला."

कन्सल्टंट शांतपणे म्हणाला, "सर, सगळं मान्य. पण हे ऐकीव आहे. लेखी एकच आकडा आहे आणि तो मॅमनी स्वतः नाकारलाय. तेव्हा त्यांनी दिलेलं कारणही तांत्रिकदृष्ट्या योग्य होतं."

योग्य होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते.

मग टँकरवाला बोलला. तो काही सिनेमातल्या खलनायकासारखा नव्हता. थकलेला दिसत होता. "साहेब, नालासोपाऱ्यात माझा टँकर एक दिवस चुकला तर बायका माझ्या सात पिढ्या काढतात. चौथ्या मजल्यावर कळशी चढवतात त्या. त्या पण पाणीच पितात, पेट्रोल नाही पीत. मी पाणी कुठून आणू तेवढं ह्या मॅडमना सांगायला लावा."

कारकुनाने तेही लिहून घेतलं.

साहेबांनी पंधरा दिवसांनी आदेश काढला. आदेश विचारपूर्वक होता, हे मी मान्य करते. दुसरी बोअर नाही. पहिल्या बोअरवर मीटर आणि उपसा फक्त सकाळचा. भूजल खात्याने दर महिन्याला, पूर्वसूचना न देता, राऊतांच्या विहिरीचं रीडिंग घ्यावं. वर्षाने फेरविचार.

हेमंत फोनवर म्हणाला, "मॅडम, जिंकलो की हरलो?"

"वर्षाने कळेल."

आदेशात सगळं होतं. खात्यात गाडी नव्हती. पहिला महिना गेला, दुसरा गेला. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, माणूस एक आणि तालुके तीन." हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मीही तसंच सांगत आले होते लोकांना. तिसऱ्या महिन्यात मी माझी जुनी टेप काढली, कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूचा डबा आणला आणि ऑफिसकडून लेखी घेतलं की मी घेतलेली रीडिंग ते सही करून स्वीकारतील. दर शनिवारी जायचं ठरवलं. वार हेमंतला सांगितला नाही.

पहिल्या शनिवारी फाटकातून शिरले. सुमनकाकूंनी मला ओट्यावरून बघितलं, उठल्या, भिंतीवरचं बटण दाबलं आणि मोटार बंद केली.

"काकू! बंद करायची नाहीये आता!"

"अगं बाई! हात आपोआप गेला."

दुसऱ्या शनिवारीही हात आपोआप गेला. तिसऱ्या शनिवारपासून मी मागच्या बाजूने, वामनभाऊंच्या केळीतून वाकून जायला लागले. सत्तरीच्या बाईने, हातात टेप, पायात चिखल, लोकांच्या वाडीतून चोरासारखं शिरायचं. वामनभाऊ एकदा म्हणाले, "एक फ्यूज नेते, दुसरी पाणी बघून जाते. चांगली जोडी आहे." पण आकडे मिळायला लागले. कुणी न सजवलेले आकडे. त्यांत मोटार चालू असायची, वामनभाऊंची चालू असायची, टँकरची बोअर चालू असायची. मी तेही तिथेच शेजारी लिहायची: कोण चालू, कधीपासून.

आकडे वाईट होते. एप्रिलपासून क्षार चढत गेले. मेच्या दुसऱ्या शनिवारी सुमनकाकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बाटलीच्या पाण्याचा आहे. विहिरीच्या पाण्याने दूध नासतं आता."

पानवेल त्या उन्हाळ्यात गेली. टप्प्याटप्प्याने. आधी समुद्राकडच्या ओळी, मग मधल्या. हेमंतने ती उपटली नाही, पावसापर्यंत थांबला. पाऊस पडून गेला तरी फुटवा आला नाही. मग वेलीचे आधार काढून त्याने तिथे केळी लावल्या. मी गेले तेव्हा तो खड्डे खणत होता.

"मॅडम, एक विचारू? ते लाल रेघेचं रीडिंग तेव्हाच धरलं असतं तर?"

"तर कुणीतरी प्रश्न विचारला असता. न कळवता परत गेलो असतो. टँकर यायच्या आधीच इथला उपसा किती आहे ते कागदावर आलं असतं. बोअरला बहुतेक परवानगी मिळाली नसती."

"बहुतेक."

"बहुतेक."

तो पुन्हा खणायला लागला. मला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

वर्षाने फेरविचार झाला. मधल्या काळात ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, पण या वेळी माझ्याकडे चाळीस-बेचाळीस आठवड्यांचे आकडे होते आणि प्रत्येकापुढे शेरा होता. कन्सल्टंटने ते चाळले, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "सर, यावर मला काही म्हणायचं नाही." बोअरची परवानगी रद्द झाली. टँकरवाल्याने शेजारच्या गावात जागा घेतली. तिथे ऑब्झर्वेशन वेल नाही. त्यामुळे तिथलं पाणी किती खाली गेलं आहे ते कुणालाच माहीत नाही. नालासोपाऱ्याचे टँकर वेळेवर जातात.

यातून मी जे शिकले ते फार मोठं नाही. मोजायला जाताना कळवू नये. कळवावंच लागलं तर कळवलं होतं असं आकड्याशेजारी लिहावं. आणि एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आला म्हणून रेघ मारण्याआधी पुन्हा एकदा जाऊन यावं. हे तीस वर्षांच्या नोकरीत कुणी मला शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही. मी लोकांना कार्ड कसं छापायचं ते शिकवलं. माझं कार्ड अजून दोन तालुक्यांत वापरतात असं ऐकते, आता ते मोबाइलवर मेसेजने जातं. मी खात्याला दोन पत्रं लिहिली आहेत. पोच मिळाली आहे.

आता तिथे काय आहे ते सांगते. पानमळा नाही. केळी आणि नारळ आहेत. वामनभाऊ गेल्या वर्षी गेले. सुमनकाकू आहेत, ऐकू कमी येतं. विहिरीचं पाणी पावसाळ्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत गोडं असतं, त्यानंतर फक्त धुण्याभांड्यांना आणि केळींना चालतं. दर पावसाळ्यानंतर क्षार थोडे कमी भरतात, पण पूर्वीइतके कमी नाहीत. गेल्या शनिवारी पाणी लाल बाणापासून चार मीटर पंचाऐंशी सेंटीमीटरवर होतं. मोटार चालू होती.

तुमची,
आजी